दया, दार कुठल्या राज्यात आहे ते आधी बघ

मालिकेतला पोलीस घटनास्थळी पोहोचला की आधी प्रेताकडे बघतो. आमच्याकडचा पोलीस आधी ओढ्याकडे बघतो. ओढ्याचा अलीकडचा काठ निपाणी तालुक्यात आणि पलीकडचा कागल तालुक्यात असला, तर मयताचं डोकं कुठल्या राज्यात आणि पाय कुठल्या राज्यात हे ठरल्याशिवाय पंचनाम्याचा कागद खिशातून बाहेर येत नाही. वर पाऊस झाला असेल तर फारच उत्तम. दोन्हीकडचे हवालदार आपापल्या काठावर तंबाखू मळत उभे राहतात आणि तासाभरात ओढाच निकाल देऊन टाकतो.

हे अगदी असंच घडतं असं माझं म्हणणं नाही. जे घडतं ते याहून कंटाळवाणं असतं आणि त्याला चार महिने लागतात.

सोनीवरची 'सीआयडी' मात्र कधी हद्दीत अडकली नाही. २१ जानेवारी १९९८ ला ती सुरू झाली, २७ ऑक्टोबर २०१८ पर्यंत तिचे १५४७ भाग झाले, आणि एवढ्या पसाऱ्यात एसीपी प्रद्युम्नांनी हात झटकून "हे आमच्या हद्दीत येत नाही, तुम्ही पलीकडच्या ठाण्यात जावा" असं कुणाला सांगितल्याचं मला तरी आठवत नाही. गाडी मुंबईहून निघते आणि पुढच्या दृश्यात जंगलात, किल्ल्यावर किंवा बर्फात उभी असते. मध्ये टोलनाका नाही, स्थानिक फौजदार नाही, "साहेब, पत्र आणलंय का?" हा प्रश्न नाही. मुळात महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्यात आहे आणि मुंबईतले गुन्हे मुंबईची गुन्हे शाखा बघते. पण मालिकेला समुद्र लागतो, आणि पुण्याला तो अजून मंजूर झालेला नाही.

आता हीच गाडी पुणे-बंगळूर महामार्गानं कोल्हापूर, कागल मागं टाकून दूधगंगेच्या पुलावर आली असं समजा. पूल ओलांडला की कोगनोळीचा नाका. गाडी एमएच पासिंगची. आत पांढऱ्या केसांचा, मराठी बोलणारा, हात फिरवत मोठ्या आवाजात प्रश्न विचारणारा गृहस्थ. दिवस जर १ नोव्हेंबर असेल तर संपलंच. त्या दिवशी एका बाजूला राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे आणि दुसऱ्या बाजूला काळ्या दिनाच्या काळ्या फिती. प्रद्युम्नसाहेबांना महाराष्ट्र एकीकरण समितीचे पाहुणे समजून चहा पाजतील आणि सन्मानानं परत कागलला सोडून येतील. डिसेंबरात आले तर बेळगावच्या सुवर्णसौधात अधिवेशन, १७ जानेवारीला हुतात्मा दिन. एकंदरीत, आमच्या भागात खून करणाऱ्यानं आणि तो शोधणाऱ्यानं, दोघांनीही आधी कालनिर्णय बघून ठेवलेलं बरं. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचे दोन मंत्री बेळगावला येणार, येणार म्हणता म्हणता आलेच नाहीत. त्याच महिन्यात महाराष्ट्रातल्या पुढाऱ्यांना कोगनोळीला अडवलं गेलं. जिथं मंत्र्यांची गाडी पुढं सरकत नाही तिथं एसीपी म्हणजे कोण?

समजा, सुटले. समजा, सीमेवरच्या कुठल्यातरी ठाण्यात पोहोचले. समोरचा साहेब अगत्याचा. उठून उभा राहतो, खुर्ची पुढं करतो, म्हणतो, "बर्री सर, कुंद्री."

प्रद्युम्नांची नजर तिरकी होते. "अभिजीत, ये कुंद्री कौन है? इसका पूरा रेकॉर्ड निकालो."

कुंद्री म्हणजे 'बसा' हे अभिजीतला कळेपर्यंत पहिला जाहिरातींचा ब्रेक येतो.

ब्रेकनंतर फिर्याद. हा प्रकार बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो. फिर्यादी मराठीत सांगतो. साहेब ते हिंदीत समजून घेतात. रायटर ते कन्नडमध्ये लिहितो. फिर्यादी खाली इंग्रजीत सही करतो. चार भाषा लागल्या, आणि चोरी एका म्हशीची. वाचून दाखवा म्हटलं तर वाचून दाखवतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण ते कन्नडमध्ये वाचून दाखवतात. आमच्या गल्लीतले एक आण्णा अशी फिर्याद देऊन आले आणि आठ दिवस कपाळाला हात लावून बसले. म्हैस गेल्याचं दुःख होतंच, पण त्या कागदात आपण फिर्यादी आहोत का आरोपी, याची खात्री होईना. शेवटी गल्लीतल्या कन्नड शाळेच्या मास्तरांकडं कागद नेला. मास्तरांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि म्हणाले, "अक्षर कळत नाही."

सीआयडीत यातलं काही नाही. तिथं फिर्याद लिहितच नाहीत. प्रेत सापडलं की तोंडानंच काम सुरू.

आमच्या पिढीचा या मंडळींशी संबंध 'सीआयडी'च्याही आधीचा. मराठी दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागायची. तीसुद्धा 'सीआयडी'वाल्या बी. पी. सिंग यांची आणि तिच्यातही पुढं प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम पोलीस. निपाणीपासून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर आणि बेळगाव त्याच्या जवळजवळ दुप्पट, पण घरात मराठी दिसणार का कन्नड हे अंतरावर नव्हे, अँटेनाच्या तोंडावर ठरायचं. कार्यक्रमाच्या वेळी एक जण कौलांवर, एक अंगणात, एक टीव्हीपुढं. "आलं का?" "मुंग्या हायत!" "आता?" "आवाज आला, माणूस नाही!" असं करत करत मुंग्यांच्या वारुळातून साटमांचा चेहरा वर यायचा आणि तेवढ्यात कौलावरचा पोरगा पाय घसरला म्हणून अँटेना धरायचा की इन्स्पेक्टरच्या तोंडातून कन्नड बातम्या सुरू. भाषावार प्रांतरचनेवर एवढं प्रभावी प्रात्यक्षिक मी नंतर पाहिलं नाही.

साटम नोकरीनं मुळात बँकेत कॅशियर. हे कळल्यावर माझ्या मनातली एक शंका फिटली. हा माणूस प्रत्येक साक्षीदाराकडं असं का बघतो? तर तो अजून नोट उजेडात धरून बघतोय.

पुढं केबल आली, मुंग्या गेल्या आणि 'सीआयडी'मुळं सीमाप्रश्न चहाच्या गाड्यावर नव्यानं उभा राहिला. आमच्याकडं एक तात्या आहेत, कट्टर समितीचे. आणि एक आप्पा आहेत, ते कुठल्याच बाजूचे नाहीत. म्हणजे तात्या ज्या बाजूला असतील त्या बाजूचे नाहीत.

"शेवटी हुकूम सोडायला मराठी माणूसच लागतोय बघा," तात्या म्हणाले. "दया, दरवाजा तोड दो. झालं!"

"सोडू दे की हुकूम," आप्पा म्हणाले. "दार कोण फोडतंय? दयानंद शेट्टी. कटपाडीचा. जिल्हा उडपी, राज्य कर्नाटक. तुमचा माणूस नुसता बोट दाखवतोय."

तात्या जरा दबले. पण समितीचा माणूस कागद ठेवूनच बोलतो. "थाळीफेकीत चॅम्पियन कुणाचा हुता त्यो? महाराष्ट्राचा! चौऱ्याण्णव साली! हाताला ताकद हिकडची हाय."

"थाळी हातानं टाकतेत, तात्या. दार लाथंनं फोडतोय."

या मुद्द्यावर गाड्यावर दोन तट पडले. लाथ कुठल्या राज्याची यावर तोडगा निघेना. तेव्हा चहावाल्यानं सांगितलं की दोघंही हिंदीत बोलतात, पैसे मुंबईत घेतात, आणि तुमच्या दोघांची मागची उधारी तेवढी मराठीत लिहून ठेवलीय.

आता त्या दाराचंच घ्या. मुंबईतलं दार म्हणजे प्लायवूड. त्याला दयाच काय, जोरात शिंकलं तरी ते उघडतं. दयाला आमच्या निपाणीतल्या जुन्या तंबाखूच्या वखारीपुढं उभं करा. सागवानी फळ्या, लोखंडी पट्ट्या, आडणा आतून, वर हातभर कुलूप, आणि कुलूपवाल्या शेटजींचं पोरगं किल्ली घेऊन संकेश्वरला लग्नाला गेलेलं. पहिल्या लाथेला दया मागं. दुसऱ्या लाथेला गुडघा. तिसऱ्या लाथेला दार जागचं हललं नाही तरी फटीतून बारीक तंबाखूची धूळ बाहेर येते, आणि मग प्रद्युम्न, अभिजीत, दया आणि डॉक्टर साळुंखे असे चौघेही ओळीनं शिंकत हमरस्त्यापर्यंत येतात. डॉक्टर साळुंख्यांना त्या धुळीचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासायची गरज नाही. बाहेर पारावर बसलेली कुठलीही विडी वळणारी बाई नुसत्या वासावर कुठल्या गावचा माल, कुठल्या सालचा आणि दर काय लागला ते सांगेल.

गोळीबार हाही आमच्या गावाला पडद्यावर पहिल्यांदा दिसलेला प्रकार नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या हाकेला ओ देऊन शेतकरी याच महामार्गावर ठाण मांडून बसले होते, तेव्हा पोलिसांची गोळी चालली आणि शेतकरी मेले. त्या पिढीतली म्हातारी माणसं मालिकेत पिस्तूल निघालं की उठून आत जातात. त्यांच्यावर मी कधी विनोद केला नाही, इथंही करत नाही.

तर तपास. मालिकेत मोबाईलचं लोकेशन चुटकीसरशी निघतं. एक मुलगा संगणकापुढं बसून टकटक करतो आणि लाल ठिपका हलायला लागतो. सीमेवर तो ठिपका वेडा होईल. आमच्याकडं अशी शेतं आहेत की बांधाच्या या टोकाला उभं राहिलं की कर्नाटकचा टॉवर पकडतो आणि त्या टोकाला वैरण काढायला गेलं की महाराष्ट्राचा. रोमिंगचे पैसे पडायचे त्या काळात लोक सासरवाडीला फोन करायला मुद्दाम उसाच्या कुठल्या सरीत उभं राहायचं हे ठरवून ठेवायचे. एखाद्या निरपराध शेतकऱ्यानं सकाळभरात फक्त भांगलण केली, तरी कंपनीच्या कागदावर त्यानं सतरा वेळा राज्य ओलांडलेलं दिसेल. असा माणूस सीआयडीच्या तावडीत सापडला तर गुन्हा कबूल करूनच सुटेल.

पुरावे मात्र आमच्याकडं बाहेर कुठं मिळणार नाहीत असे मिळतात. कल्पना करा, प्रेताशेजारी गवतात एक तिकीट पडलंय. अभिजीत चिमट्यानं उचलतो. "सर, बस का टिकट है. लेकिन सर... ये तो शून्य रुपये का है!" पार्श्वसंगीत तीनदा वाजतं. प्रद्युम्नांची बोटं हवेत. शून्य रुपयांचं तिकीट! कोण देतं शून्य रुपयांचं तिकीट? निपाणीतलं शेंबडं पोरगंही सांगेल, ती बाईमाणूस आहे आणि तिच्याकडं कर्नाटकातल्या पत्त्याचं ओळखपत्र आहे. जून २०२३ पासून 'शक्ती' योजनेत कर्नाटकाच्या बसमध्ये राज्याच्या आत बायकांना प्रवास फुकट आहे, आणि फुकट असला तरी कंडक्टर तिकीट फाडतोच. त्याच वर्षी मार्चपासून महाराष्ट्राच्या एसटीत बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे तिकीट अर्धं असेल तर ती बाई पलीकडून आली, शून्य असेल तर अलीकडून, आणि पूर्ण असेल तर तो बाप्या. साळुंख्यांच्या डीएनए तपासणीपेक्षा हे भरवशाचं आणि स्वस्त.

पाठलागाचंही तसंच. पळून जाणारा कर्नाटकातून महाराष्ट्रात पळत असेल तर तो दूधगंगेच्या अलीकडं एकदा थांबणारच. पेट्रोल इकडं स्वस्त. पंपावर दबा धरून बसा, आरोपी टाकी फुल करताना हातात येतो. एवढी साधी गोष्ट कुणा पटकथालेखकाला सुचलेली नाही, कारण ते सगळे अंधेरीत राहतात.

कन्नड सिनेमानं तरी काय केलं? मुंबईच्या आधी तीस वर्षं, १९६८ साली, डॉ. राजकुमार 'जेडर बले'मधून सीआयडी ९९९ झाले आणि त्याच वर्षी 'गोवादल्ली सीआयडी ९९९'मध्ये गोव्याला जाऊन तपास करून आले. बंगळूरहून गोव्याला गेले म्हणजे आमच्या वाटेवरून गेले असणार अशी बेळगावकरांची खात्री आहे. पण बेळगावात उतरले नाहीत, कुंदा खाल्ला नाही. गुप्तहेर असला म्हणून काय झालं, वाटेत बेळगाव लागलं तर पावशेर कुंदा बांधून घेतोच माणूस. दोन्ही राज्यांच्या सीआयड्यांनी आम्हाला असं मधल्यामध्ये सोडलेलं आहे.

आणि खरा गुन्हेगार? त्यानं मात्र आम्हाला कधी सोडलं नाही.

संघटित गुन्हेगारीच्या नावानं मालिकेत काळा चष्मा, जहाज, हेलिकॉप्टर आणि हसण्याचा आवाज असतो. आमच्याकडची संघटित गुन्हेगारी सकाळच्या पेपरात पान चारवर असते. 'गोवा बनावटीची दारू जप्त.' 'गुटख्याचा ट्रक पकडला.' 'मटका अड्ड्यावर छापा.' मजकूर कित्येक वर्षं तोच: खबऱ्यानं दिलेल्या माहितीवरून सापळा रचण्यात आला, मुद्देमाल हस्तगत करण्यात आला, आणि मुख्य संशयित अंधाराचा फायदा घेऊन पसार झाला. हा अंधार आमच्या भागात फार फायद्याचा आहे. छापा दुपारी साडेबाराला पडला तरी पुरतो.

दारूचं गणित सोपं. गोव्यात कर कमी, म्हणून बाटली स्वस्त. ती चोर्ला घाट चढून खानापूर तालुक्यात आली की तिची किंमत वाढते आणि पुढच्या प्रत्येक नाक्यावर वाढत जाते. शिक्षणानं माणसाची एवढी वाढत नाही. गुटख्याचं त्याहून सरस. महाराष्ट्रानं २०१२ मध्ये बंदी घातली, कर्नाटकानं २०१३ मध्ये. मधल्या काळात आमच्या सीमेवरच्या पानपट्ट्यांना जे दिवस आले ते एखाद्या तीर्थक्षेत्रालाही आले नसतील. नंतर दोन्हीकडं बंदी झाली तेव्हा बातमी वाचून एक पानपट्टीवाला हळहळला, "आता एकी झाली बघा सरकारांची. नको तिथंच!"

कायदेही दोन्हीकडं आहेत. महाराष्ट्राचा मकोका १९९९ चा, कर्नाटकाचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा २००० सालचा. म्हणजे एकाच टोळीसाठी दूधगंगेच्या दोन काठांवर दोन कायदे उभे आहेत. गोची एवढीच की टोळी एकच आहे आणि पोलीस राज्यवार आहेत. टोळीत ड्रायव्हर कन्नड, क्लीनर मराठी, माल गोव्याचा, मालक आणखी कुठला, आणि कुणी कुणाला भाषेवरून अडवल्याचं ऐकिवात नाही. १ नोव्हेंबरला तेही सुट्टी घेतात, पण ते बंदोबस्त असतो म्हणून. राज्य पुनर्रचना मंडळानं एवढे दौरे केले, साक्षी घेतल्या, नकाशे काढले; त्यांनी एखाद्या दारूच्या ट्रकवाल्याची साक्ष घेतली असती तर सीमेचा प्रश्न १९५६ मध्येच निराळ्या उजेडात दिसला असता.

याचा सगळ्यात मोठा दाखला आमच्याच जिल्ह्यातला. अब्दुल करीम तेलगी खानापूरचा. लहानपणी खानापूर स्टेशनात गाड्यांमधून फळं विकायचा, बेळगावात कॉलेज केलं, मुंबईला गेला आणि पुढं नाशिकच्या छापखान्यातली मोडीत काढलेली यंत्रं मिळवून सरकारी मुद्रांकच छापायला बसला. २००१ मध्ये अजमेरला सापडला. २००७ मध्ये त्याला सक्तमजुरी आणि २०२ कोटी रुपये दंड झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये बंगळूरला मेला. २०२३ मध्ये सोनीच्याच घरातून 'स्कॅम २००३' नावानं त्याच्यावर मालिका निघाली. गगन देव रियार या नटानं काम असं केलं की खानापुरातली माणसं अजून त्यातलं स्टेशन खरं का खोटं यावर भांडतात. त्या मालिकेत आणि त्या खऱ्या प्रकरणातही एक गोष्ट 'सीआयडी'हून वेगळी आहे. तपास करणारेच काही जण तपासात सापडले; त्यातले काही पुढं सुटलेही. एसीपी प्रद्युम्नांना असा भाग दाखवला असता तर त्यांची बोटं हवेतच राहिली असती.

मला त्या माणसाचं कौतुक नाही, पण एक गोष्ट कितीही दाबली तरी वर येते. खानापूरच्या या पोरानं छापलेला खोटा कागद अनेक राज्यांत, अनेक भाषांत, बँकांत, कचेऱ्यांत बिनबोभाट चालला. कुणी विचारलं नाही की हा कुठल्या राज्याचा. आणि माझा रहिवासी दाखला, खरा, शिक्क्यासकट, फोटोसकट, दूधगंगेच्या पलीकडच्या पहिल्या खिडकीवर चालत नाही. "हा कन्नडमध्ये आहे," म्हणतात. भाषांतर करून नेला तर म्हणतात, "मूळ प्रत कुठाय?"

बेळगावच्या नावावर याहून ताजा पराक्रम आहे. १४ जानेवारी २०२३ ला नागपुरात नितीन गडकरींच्या कार्यालयात धमकीचे फोन आले. दाऊदच्या टोळीचं नाव सांगितलं, १०० कोटी मागितले. देशभर बातमी. फोन कुठून आला? दुबई? कराची? पोलिसांनी माग काढत काढत नेला तो हिंडलग्याच्या तुरुंगात. बेळगावकरांची त्या दिवशी मोठी कुचंबणा झाली. शरम वाटायला हवी होती, ती वाटलीही. पण दुबई-कराचीच्या रांगेत हिंडलगा बसला याचा एक चोरटा आनंद काही लपेना. रिक्षावाले पाहुण्यांना किल्ला, मिलिटरी महादेव आणि मग बोट करून तुरुंग दाखवू लागले. मार्चमध्ये तोच प्रकार पुन्हा झाला.

या प्रकरणावर 'सीआयडी'चा भाग कसा करणार, मला सांगा. आरोपी आधीच तुरुंगात. "अब तो तुम्हें..." असं प्रद्युम्न म्हणायला जाणार तर पुढं म्हणायला काही शिल्लकच नाही. दयाला दार तोडायचं तर दार आधीच बंद, तेही बाहेरून, आणि ते तोडलं तर दयावरच गुन्हा. नागपूरच्या खऱ्या पोलिसांना बेळगावला यावं लागलं आणि दुसऱ्या राज्यातल्या तुरुंगातल्या कैद्याचा ताबा घ्यायचा म्हणजे कागद, परवानग्या, न्यायालय हे सगळं आलं. तीन ब्रेकमध्ये मावणारी ही गोष्ट नाही.

'सीआयडी' २१ डिसेंबर २०२४ ला परत सुरू झाली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी एसीपी प्रद्युम्नांना बाँबस्फोटात मारलं. मारणारा बार्बोसा. नाव ऐकूनच आमच्या चहाच्या गाड्यानं निदान केलं होतं: गोव्याकडचा दिसतोय, माल चोर्ल्यानं येत असणार. वाहिनीनं प्रद्युम्नांना श्रद्धांजली वाहिली तेव्हा तात्या खरोखर अस्वस्थ झाले. चौकात डिजिटल लावायचं ठरत होतं, मजकूरही तयार होता, फक्त तो मराठीत लावला तर नगरपालिका कन्नडमध्ये लावायला सांगेल यावर गाडी अडली. तो वाद मिटायच्या आत काही महिन्यांत प्रद्युम्न मालिकेत जिवंत होऊन परत आले. वर्गणी परत करा म्हणून आप्पा अजून मागं लागलेत. जिवंत झाल्याचं तात्यांना नवल वाटलं नाही. कागदपत्रांशिवाय झाले याचं वाटलं. आमच्याकडं मेल्याची नोंद झालेला माणूस जिवंत व्हायचा म्हणजे वर्षभर हेलपाटे घालतो, तेव्हा कुठं त्याला तो स्वतःच असल्याचा दाखला मिळतो.

सरकारला हे काहीच कळत नाही असं नाही म्हणता येत. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यात शून्य एफआयआर लेखी तरतुदीत आला. म्हणजे गुन्हा कुठंही घडो, फिर्याद कुठल्याही ठाण्यात द्या. ते घेतील आणि ज्याची हद्द त्याच्याकडं पाठवतील. आम्ही खूश झालो. कर्नाटकाच्या बसमध्ये शून्य तिकीट, ठाण्यात शून्य एफआयआर. आता आण्णांची पुढची म्हैस गेली की ते सरळ कागलला जाऊन मराठीत फिर्याद देणार आहेत. ती फिर्याद मग सरकारी खर्चानं पूल ओलांडून इकडं येईल आणि इथला रायटर ती कन्नडमध्ये लिहून काढेल. म्हैस तोवर गडहिंग्लजच्या बाजारात दोनदा विकली गेलेली असेल, पण कायदा आपलं काम करेल.

आता मालिकावाल्यांना एक विनंती. १५४७ भाग केलेत, पुढं नवेही केलेत. एक भाग आमच्याकडं करा. राहण्याजेवणाची सोय होईल. वखारीचं दार आम्ही देऊ, शेटजींच्या पोराकडून किल्लीही मागून ठेवू, दयाला त्रास नको. प्रकरणही तयार आहे आणि खास तुमच्या तोडीचं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला, राज्य पुनर्रचनेच्या दिवशी, घडलं. न्यायमूर्ती महाजनांनी १९६७ मध्ये तपास करून अहवाल दिला. त्यात निपाणी महाराष्ट्राला आणि बेळगाव कर्नाटकाला, असं होतं. फिर्यादीला तो पटला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. फिर्यादी महाराष्ट्र, समोर कर्नाटक आणि केंद्र सरकार, मुद्देमाल ८६५ गावं. मुद्देमालाची साक्ष अजून कुणी घेतलेली नाही, तेवढी घ्या. फक्त १ नोव्हेंबर सोडून कुठल्याही दिवशी या, आणि येताना कन्नड वाचता येणारा एक माणूस बरोबर आणा. आमचे मास्तर आता रिटायर झालेत.